पृथ्वीच्या पोटातले ऐकणाऱ्या इंगेबाई

कोयनेचा भूकंप झाला ती ११ डिसेंबर १९६७ ची पहाट मला अजून आठवते. मी लहान होते. फडताळातली भांडी आपोआप खणखणू लागली आणि आईने आम्हां भावंडांना पांघरुणासकट अंगणात ओढून नेले. धक्का थांबला, आणि आमच्या लेखी भूकंप संपला. पण तो तसा संपत नाही. त्याच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून दूरदूर जातात आणि वाटेतली हकीकत बरोबर नेतात, हे मला पुष्कळ वर्षांनी इंगे लेहमान या डॅनिश विदुषीचे चरित्र वाचताना कळले. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितले तेव्हा तेच नाव आधी मनात आले.

इंगेबाईंचा जन्म १३ मे १८८८ रोजी कोपनहेगनला झाला. वडील मानसशास्त्रज्ञ. हॅना ॲडलर नावाच्या बाईंच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. तेथे मुलगा-मुलगी असा भेदच नव्हता. शिवणकाम मुलांनाही आणि फुटबॉल मुलींनाही. पंधरा-सोळा वर्षांच्या असताना एका रविवारी सकाळी आई व बहिणीजवळ बसल्या असता पायांखालची जमीन हलली, टांगलेला दिवा झुलू लागला. डेन्मार्कसारख्या देशात हा प्रसंग विरळाच.

पुढे त्या गणित शिकू लागल्या, केंब्रिजलाही गेल्या. पण १९११ च्या अखेरीस अतिश्रमाने थकून परत आल्या आणि अभ्यास सुटला. त्यानंतर काही वर्षे त्यांनी विम्याच्या हिशेबांच्या कचेरीत काढली. १९१८ साली पुन्हा विद्यापीठात नाव घातले व १९२० साली, बत्तिसाव्या वर्षी, पदवी घेतली. मधली वर्षे फुकट गेली असे लोक म्हणत असतील. मला तसे वाटत नाही. आकड्यांवरचा त्यांचा हात तेथेच बसला.

१९२५ साली प्राध्यापक नोर्लुंड यांच्या हाताखाली डेन्मार्क व ग्रीनलंडमध्ये भूकंपमापक यंत्रे बसविण्याचे काम त्यांच्याकडे आले. हे शास्त्र त्या बहुतांशी आपले आपण शिकल्या. १९२८ साली भूकंप विभागाच्या प्रमुख झाल्या व १९५३ पर्यंत त्या पदावर राहिल्या. संशोधन हा त्यांच्या नोकरीचा भागच नव्हता. ते त्यांनी आपण होऊन केले.

आता हे संशोधन म्हणजे काय? बाजारात माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो. आत तडा असला तर आवाज बदलतो, फोडून पाहावे लागत नाही. भूकंप ही पृथ्वीवर पडलेली अशीच टिचकी होय. लहर एका थरातून दुसऱ्यात शिरताना वळते, थोडी परतते, तिचा वेग बदलतो. ती कोठे, किती मिनिटांनी पोचली हे नीट मांडले की आतल्या थरांच्या सीमा उमगतात.

१९२९ साली न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला. रशियातल्या स्वेर्दलोव्हस्क व इर्कुत्स्क येथील नोंदींत, जेथे लहर यायलाच नको होती तेथे, बारीकशी लहर उमटली होती. अशा लहरी इतरांनीही पाहिल्या होत्या, पण त्यांचा उलगडा ते निराळा करीत. इंगेबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. ओट्सच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भूकंपांच्या नोंदींची कार्डे लावून त्या बागेतल्या टेबलाशी बसत. संगणक नाही, हाताखाली फारसे कोणी नाही. १९३६ साली त्यांनी मांडले की पृथ्वीच्या द्रव गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे. त्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर आहे, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

बहुतेक चरित्रे येथेच थांबतात. मला मात्र पुढचा भाग अधिक आवडतो. पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर त्या अमेरिकेत जाऊन-येऊन काम करू लागल्या. आता त्यांचे लक्ष गाभ्यावर नव्हते, तर त्याच्या वरच्या प्रावरणाकडे होते. हा थर सुमारे २,९०० किलोमीटर खोलपर्यंत जातो. तो एकजिनसी नाही. त्यात सुमारे ४१० व ६६० किलोमीटरांवर ठळक सीमा आहेत. याहून वर, सुमारे २२० किलोमीटरांवर, लहरींचा वेग एकदम वाढतो, असे इंगेबाईंनी १९५९ च्या सुमारास दाखविले. भूकंप नेमका कोठे व केव्हा झाला हे आधी शोधून काढावे लागते, त्यात चूक राहते. अणुस्फोटाची जागा आणि वेळ मात्र जाहीर झाली की अचूक मिळे. म्हणून पुढे त्यांनी त्या स्फोटांच्या नोंदीही वापरल्या. संहारासाठी घडविलेल्या वस्तूचा असाही उपयोग झाला!

मान मिळाले, पण उशिरा: १९६९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे परदेशी सदस्यत्व, १९७१ साली बोवी पदक. हे पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. त्यांनी लग्न केले नाही. नव्याण्णवाव्या वर्षापर्यंत त्यांचे लेखन छापून येत होते. २१ फेब्रुवारी १९९३ रोजी, १०४ वर्षांच्या असताना, त्या गेल्या. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला आपल्याकडे किल्लारी हादरली.

त्या २२० किलोमीटरच्या सीमेला आज त्यांचेच नाव आहे. खंडांखाली ती पुष्कळ ठिकाणी सापडते, महासागरांखाली सहसा सापडत नाही, आणि असे का, यावर भूकंपशास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.