विनोबा भावे

विनायक नरहरी भावे ऊर्फ आचार्य विनोबा भावे (जन्म : ११ सप्टेंबर १८९५, गागोदे, रायगड जिल्हा; मृत्यू : १५ नोव्हेंबर १९८२, पवनार, वर्धा जिल्हा) हे गांधीवादी विचारवंत, लेखक व भूदान चळवळीचे प्रवर्तक होते. बहुमताऐवजी सर्वसंमतीने निर्णय घेण्याच्या पद्धतीचा त्यांनी सातत्याने पुरस्कार केला.

वर्ध्यातील वास्तव्य

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून महात्मा गांधींनी त्यांना एप्रिल १९२१ मध्ये वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी देऊन पाठवले. १९३८ पासून ते धाम नदीकाठी पवनार येथे राहू लागले. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली. १९५१ मध्ये त्यांनी पोचमपल्ली येथून भूदान चळवळ सुरू केली.

सर्वसंमतीचा विचार

भारतातील लोकसभा व विधानसभा निवडणुकांत सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी होतो. त्याला निम्मी मते मिळणे आवश्यक नसते आणि एका मताचे आधिक्यही पुरेसे ठरते. विनोबांचा आक्षेप याच मुद्द्यावर होता. पाच पंचांचा एकमुखी निर्णय परमेश्वराचा मानण्याची जुनी रीत होती; तिच्या जागी तिघांचा निर्णय उरलेल्या दोघांवर लादला जाऊ लागला, असे ते म्हणत. पक्षीय निवडणुकांमुळे गावात कायमचे तट पडतात, म्हणून ग्रामपंचायतीची निवड एकमताने व पक्षविरहित व्हावी, असे त्यांचे मत होते. १९५९ मध्ये पवनार येथे स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात भगिनींनी सामुदायिक निर्णय सर्वसंमतीने घेण्याची प्रथा रुजवली.

सर्व सेवा संघातील मतभेद

या तत्त्वाची कसोटी सर्व सेवा संघात लागली. संघाचे निर्णय सर्वसंमतीने होत. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या बिहारमधील आंदोलनाला संघातील बहुसंख्य कार्यकर्त्यांचा पाठिंबा होता. विनोबांना मात्र सरकारशी संघर्षाचा तो मार्ग मान्य नव्हता. बहुमत स्पष्ट असूनही नियमानुसार संघाला ठराव करता येईना. जुलै १९७४ मध्ये वर्धा येथील बैठकीत पेच वाढला, तेव्हा सत्य, अहिंसा व संयम पाळून प्रत्येकाने आपल्या विचाराप्रमाणे काम करावे, असा मार्ग विनोबांनी सुचवला. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षभर मौन पाळले. मार्च १९७५ मधील पवनारच्या अधिवेशनातही मतभेद मिटले नाहीत. अल्पमताला संरक्षण देणारा नियम बहुमताला अडवूही शकतो, ही या पद्धतीची मर्यादा या प्रसंगातून दिसून आली. मात्र मतदानाने एका गटाचा पराभव करण्याची वेळही त्यामुळे टळली.

अखेर

नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न, पाणी व औषध यांचा त्याग करून त्यांनी पवनार येथे देह ठेवला. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न पुरस्कार देण्यात आला.