कपाटामागचा माणूस

आपल्या परभणी जिल्ह्यात कुठेही जा, जिंतूर असो, सेलू असो की गंगाखेड, लग्नाच्या बोलणीत एक शब्द हमखास कानावर येतो. मुलीला गोदरेज देऊ, असं मुलीकडचे म्हणतात. मनात असतं ते लोखंडी कपाट. ते गावातल्याच वेल्डिंगच्या दुकानात तयार झालेलं असतं, त्याचा त्या कंपनीशी काडीचाही संबंध नसतो, तरी त्याला म्हणायचं गोदरेजच. मुलीच्या बापाने हा बोजा उचलावा का, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर माझं मत तुम्हाला माहीत आहे. पण मैत्रिणींनो, गोदरेज हे एका माणसाचं आडनाव आहे आणि टिकाऊपणाशी ते का जोडलं गेलं, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल?

हा विषय सुचायला एक कारण घडलं. हल्ली बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते भरून झाले की गप्पा वॉशिंग मशीनवर येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : महागाचं मशीन खरंच जास्त वर्षं टिकतं का हो ताई? प्रश्न साधा वाटतो, पण त्यात बाईची तीन-चार वर्षांची बचत आणि पुढच्या दहा वर्षांची कंबरदुखी असते. उत्तर शोधता शोधता मी अर्देशीर गोदरेज यांच्या चरित्रापाशी पोहोचले.

अर्देशीर यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील बुर्जोरजी, आई दोसीबाई. सहा भावंडांत ते थोरले. घरची परिस्थिती बरी होती. १८९० साली बच्चूबाईंशी त्यांचं लग्न झालं. संसाराला वर्षही झालं नसेल, तोच घात झाला. २५ एप्रिल १८९१ रोजी बच्चूबाई आणि नात्यातली एक तरुण मुलगी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर गेल्या होत्या. तिथून खाली पडून दोघींचाही मृत्यू झाला. सारी मुंबई हादरली. खटला चालला, पण वर नेमकं काय घडलं, याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. अर्देशीर तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे होते. त्या काळी पुरुषाने वर्षभरात दुसरं लग्न करणं ही रीतच होती. त्यांनी ते केलं नाही, पुढेही कधी केलं नाही. मूलबाळ नव्हतं. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी कामात घातलं.

शिक्षण वकिलीचं होतं. १८९४ साली एका अशिलाच्या कामासाठी ते आफ्रिकेतल्या झांझिबारला गेले. खटला चालू असताना त्यांच्या लक्षात आलं, की जे खरं असल्याची आपल्याला खात्री नाही, ते आपल्याला कोर्टात ठामपणे सांगायला लागणार आहे. त्यांनी नकार दिला. अशील चिडला, सगळ्यांनी समजावलं, वकिली अशीच चालते म्हणून सांगितलं. हे बधले नाहीत. शेवटी मुंबईला परत आले आणि वकिलीला कायमचा रामराम ठोकला. घरच्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. शिकलेला मुलगा, चांगला पेशा सोडून घरी बसलेला!

काही दिवस त्यांनी एका औषधांच्या दुकानात काम केलं. तिथे डोक्यात आलं, की डॉक्टरांना लागणारी चाकू, चिमटे, कात्र्या ही हत्यारं सगळी विलायतेहून येतात, ती इथेच का बनवू नयेत? वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून ३,००० रुपये कर्जाऊ घेतले. हत्यारं उत्तम झाली. ती विकायला एक इंग्रज व्यापारी तयारही झाला, पण एका अटीवर : मालावर भारतात बनवलेला असा शिक्का मारायचा नाही. असा शिक्का पाहून माल कोणी घेणार नाही, असं त्याचं म्हणणं. अर्देशीर म्हणाले, शिक्का असेल तरच माल देईन. व्यवहार मोडला. धंदा बसला आणि डोक्यावर कर्ज राहिलं.

म्हणजे बघा, तिशीच्या आत बायको गेली, वकिली गेली, पहिला धंदाही गेला. आपल्याकडे अशा माणसाला लोक हटवादी म्हणतात. त्यांच्या दोन्ही नुकसानीचं मूळ एकच होतं. खोटं बोलायचं नाही आणि खोटा शिक्का चालवून घ्यायचा नाही.

त्याच सुमारास मुंबईत घरफोड्या वाढल्या होत्या. त्याची बातमी अर्देशीर यांच्या वाचनात आली आणि त्यांना कुलपाचा धंदा सुचला. पुन्हा कामांकडे गेले. पहिलं कर्ज फिटलेलं नसताना त्यांनी दुसरंही दिलं, हे विशेष. ७ मे १८९७ रोजी लालबागला, गॅस कंपनीच्या शेजारी, एका लहानशा शेडमध्ये डझनभर कारागिरांना घेऊन कारखाना सुरू झाला.

त्या काळी बाजारात दोन प्रकारची कुलपं मिळत. देशी कुलूप स्वस्त, पण साध्या खिळ्यानेही उघडणारं. विलायती चांगलं, पण सामान्यांच्या ऐपतीबाहेरचं. अर्देशीर यांनी कुलपं खोलून त्यांचा अभ्यास केला. चांगल्या कुलपाच्या पोटात लहान लहान पट्ट्या असतात. बरोबर किल्ली फिरली की प्रत्येक पट्टी नेमकी तेवढीच उचलली जाते आणि खटका सरकतो. या पट्ट्या पुन्हा जागेवर बसवायला बारीक स्प्रिंगा लागत. कुलूप बिघडायचं ते बहुतेक या स्प्रिंगांमुळे. त्या गंजायच्या, थकायच्या, तुटायच्या. बाकीचं कुलूप धडधाकट असूनही निकामी व्हायचं. यावर उपाय म्हणून १९०९ च्या सुमारास त्यांच्या कारखान्याने बिनस्प्रिंगच्या कुलपाचं पेटंट घेतलं. जो भाग आधी तुटतो, तोच काढून टाकला!

त्यांचं आणखी एक कुलूप होतं, दोन किल्ल्यांचं. रोज पहिली किल्ली वापरायची. ती हरवली किंवा कोणी तिची नक्कल केली असं वाटलं, की दुसरीने कुलपाची आतली रचनाच बदलायची. मग पहिली किल्ली निरुपयोगी. कुलूप फेकून नवं आणायची गरजच नाही.

धंदा चालायला लागल्यावर अर्देशीर कर्ज फेडायला गेले. कामांनी पैसे घेतले नाहीत, आपल्या बॉइस नावाच्या भाच्याला धंद्यात घ्या म्हणाले. भाऊ काही फार काळ रमले नाहीत, निघून गेले. पण उपकार करणाऱ्या माणसाच्या आठवणीखातर नाव राहिलं. आजही कंपनीचं नाव गोदरेज अँड बॉइस असंच आहे. १९०६ साली धाकटे भाऊ पिरोजशा सोबत आले. अर्देशीर यांनी वस्तू घडवायची आणि पिरोजशांनी पसारा सांभाळायचा, अशी दोघांची जोडी जमली.

१९०२ साली त्यांची पहिली तिजोरी बाजारात आली. तिजोरीला चोर आणि आग असे दोन शत्रू. दोन पत्र्यांच्या मध्ये आग रोखणारा मसाला भरायचा, म्हणजे बाहेर कितीही धग असली तरी आतले कागद वाचतात. आग काही रोज लागत नाही. म्हणून तिजोरीवाला खरं बोलत होता की खोटं, हे गिऱ्हाइकाला कधी कधी वीस-वीस वर्षांनी कळतं. १९२५ साली कलकत्त्याच्या धरमतल्ला भागात मोठी आग लागली, तेव्हा गोदरेजच्या तिजोऱ्यांमधला ऐवज शाबूत निघाला. नाव झालं ते त्यामुळे. घरातलं पोलादी कपाट आलं १९२३ साली. वाळवी, उंदीर, ओल यांनी साड्यांचा आणि कागदपत्रांचा कसा फडशा पडतो हे आपल्याला सांगायला नको. बायकांनी ते कपाट का उचलून धरलं, हे सहज समजतं.

कपडे धुण्याशीही या माणसाचा संबंध आहे बरं का! तेव्हाच्या साबणात जनावरांची चरबी असायची. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरात त्यावरून कुरबुर व्हायची. अर्देशीर यांनी वनस्पती तेलापासून साबण तयार केला आणि १९१८ साली चावी या नावाने बाजारात आणला. कुलूपवाल्याच्या साबणाला दुसरं कोणतं नाव शोभलं असतं?

ते स्वदेशीचे कट्टर अभिमानी होते. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. त्या काळातले ३ लाख म्हणजे केवढी रक्कम! पण एका बाबतीत पुढाऱ्यांशी त्यांचं पटत नसे. देशी माल थोडा कच्चा असला तरी देशासाठी सोसून घ्या, हे सांगणं त्यांना मान्य नव्हतं. गिऱ्हाइकाने त्याग करायचा आणि कारखानदाराने सुधारायचं नाही, हे कसं चालेल, असा त्यांचा सवाल होता. देशी माल विलायतीच्या तोडीचा झाला पाहिजे, मग लोक आपोआप घेतील, हे त्यांनी बोलून नाही तर वस्तू बनवून दाखवलं.

१९२८ साली, ऐन भरभराटीत, त्यांनी सगळा कारभार पिरोजशांच्या हाती दिला आणि नाशिकला जाऊन शेती करायला घेतली. १९३६ साली त्यांचं निधन झालं. पुढे पिरोजशांच्या मुलांनी १९५८ मध्ये फ्रिज आणला आणि नव्वदच्या दशकात वॉशिंग मशीनही आलं. ते बघायला अर्देशीर नव्हते.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. मशीन कोणत्या कंपनीचं घ्यावं हे मी सांगणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या संस्थापकाचा सच्चेपणा आजच्या प्रत्येक मशीनमध्ये उतरला असेलच, असंही समजू नका. पण त्यांची नजर मात्र उसनी घेता येते. आधी काय तुटतं, हे विचारायचं.

दुकानदार सांगतो, मोटारीची दहा वर्षांची गॅरंटी. ऐकायला छान वाटतं. पण मोटार सहसा आधी जातच नाही. आधी जातं ते बेअरिंग, पाणी बाहेर टाकणारा पंप, पाणी तापवणारा हीटर, नाहीतर इलेक्ट्रॉनिक सर्किट. त्यांची गॅरंटी किती वर्षांची, ते कार्डावर वाचा. बहुतेक वेळा ती बरीच कमी असते. समोरून उघडणाऱ्या मशीनचा टब सीलबंद आहे का, तेही विचारा. तसा असेल तर एका लहानशा बेअरिंगसाठी अख्खा टब बदलावा लागतो. जर्मनीतली मीले ही १८९९ साली सुरू झालेली कंपनी आपली मशीन २० वर्षांच्या वापराइतकी चालवून तपासते, पण किंमतही तशीच लावते. आपल्याकडचं साधारण मशीन दहाएक वर्षं चाललं तर चांगलं म्हणायचं.

मग थोडा हिशेब करा. समजा २०,००० चं मशीन ५ वर्षांत गेलं, तर वर्षाला ४,००० पडले. ३५,००० चं १२ वर्षं चाललं, तर वर्षाला ३,००० पेक्षाही कमी. म्हणजे महाग ते स्वस्त ठरलं. पण आपल्याकडच्या बोअरच्या क्षाराच्या पाण्याने आणि कमी-जास्त होणाऱ्या विजेने तेच मशीन पाच वर्षांत गेलं, तर वर्षाला ७,००० चा खड्डा! म्हणून घ्यायच्या आधी आपलं पाणी बघा. बादलीला पांढरा थर बसत असेल तर हीटरवरही बसणारच. क्षार काढायची पावडर वेळोवेळी वापरा, गरज असेल तर स्टॅबिलायझर लावा, टब गच्च भरू नका आणि मशीन डुगडुगणार नाही असं सपाट जागी ठेवा. दुरुस्ती करणारा माणूस परभणीत आहे की नांदेडहून किंवा संभाजीनगरहून यायला आठ दिवस लावणार, याचीही चौकशी करा. पावती आणि गॅरंटी कार्ड त्या गोदरेजच्या कपाटात जपून ठेवा. फसवणूक झाली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, जिल्हा ग्राहक आयोगही आहे. आणि केंद्र सरकारने २०२२ साली राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही सुरू केलं आहे. घरातल्या शिकत्या मुलीला सांगा, ती मोबाइलवर उघडून देईल.

दुकानात आपण रंग बघतो, सवलत बघतो, हप्ता किती बसतो ते विचारतो. यात आधी काय बिघडेल, हे मात्र विचारायला संकोचतो. दुकानदाराला काय वाटेल, असं वाटतं. संकोच करू नका. पैसे तुमच्या घामाचे आहेत. तुमच्या प्रश्नाला कोण सरळ उत्तर देतो आणि कोण विषय बदलतो, एवढ्यावरूनही माल घ्यावा की नाही ते बरंचसं कळतं.