सारस्वतकार विनायक लक्ष्मण भावे

वागळे इस्टेट म्हटली म्हणजे कारखाने, भोंगे व मालमोटारी हेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालीं झाली, आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत ती हीच. अशा उद्योगी वस्तींत राहणाऱ्या आम्हां लोकांस वाचन हा रिकामपणाचा उद्योग वाटण्याचा संभव आहे. शाळांतून वाचनाच्या स्पर्धा होतात, मुलें वाचलेल्या पुस्तकांचें परीक्षण करतात, तेव्हां कित्येक पालकांच्या मनांत येतें कीं, ह्यानें पोट कसें भरणार? ह्या शंकेचें उत्तर ज्यांच्या चरित्रांत सांपडतें, असे एक थोर पुरुष ह्याच ठाणें शहरांत होऊन गेले. ते म्हणजे ‘महाराष्ट्र सारस्वत’ ह्या ग्रंथाचे कर्ते विनायक लक्ष्मण भावे.

भाव्यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८७१ रोजीं तेव्हांच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील पळस्पे ह्या गांवीं झाला. शाळेचें शिक्षण ठाण्यास झालें. तेथें त्यांस जनार्दन बाळाजी मोडक ह्यांच्यासारखे गुरु लाभले. १८७८ सालीं पुण्यास निघालेल्या ‘काव्येतिहाससंग्रह’ ह्या मासिकाच्या संपादकांपैकीं मोडक हे एक होते. जुनी मराठी कविता शोधावी व ती छापून काढावी, हा त्यांचा ध्यास. गुरूच्या मनांतील गोडी शिष्याच्या मनांत उतरली. ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. मुलाच्या हातीं पुस्तक देणारा मनुष्य स्वतः पुस्तकांत रमलेला असावा लागतो. तसें नसेल, तर केवळ बक्षिसाच्या ढालीनें वाचनाची आवड उत्पन्न होत नाहीं.

पुढें मुंबईस महाविद्यालयांत भाव्यांनीं विज्ञानाचा अभ्यास केला व बी. एस्सी. ही पदवी मिळविली. परंतु मराठी ग्रंथांवरचें त्यांचें प्रेम कमी झालें नाहीं. १ जून १८९३ रोजीं, वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं तेव्हां, त्यांनीं सहकाऱ्यांच्या साह्यानें ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केलें. शिकलेले लोक इंग्रजी ग्रंथांस मान देत आणि मराठी ग्रंथांकडे उपेक्षेनें पाहत, असा तो काळ. त्या काळीं मराठी ग्रंथ मिळवून ते एके ठिकाणीं जतन करावयाचे व वाचकांस उपलब्ध करून द्यावयाचे, हा ह्या तरुणांचा हेतु होता. मुंबईचें मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें, तें त्यानंतर पांच वर्षांनीं, म्हणजे १८९८ सालीं.

उपजीविकेसाठीं भाव्यांनीं मिठागरांचा व्यवसाय केला. भरतीचें पाणी आगरांत घ्यावें, तें उन्हानें आटूं द्यावें, आणि उरलेलें मीठ गोळा करावें, असा तो धंदा. त्यांतून उरणारा वेळ त्यांनीं जुन्या पोथ्यांस दिला. पोट मिठानें भरलें आणि नांव ग्रंथांनीं राहिलें. धंदा आणि वाचन ह्यांचें वैर आहे असें मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

पोथ्यांचें काम सोपें नव्हतें. छापखाने नव्हते तेव्हां लोक कविता हातानें उतरून घेत. उतरणाऱ्याच्या नजरचुकीनें शब्द बदलत, ओव्या गळत, कधीं एकाची कविता दुसऱ्याच्या नांवावर जाई. खरा पाठ कोणता, हें ठरविण्यास निरनिराळ्या प्रती ताडून पाहाव्या लागत. अशा रीतीनें शोधलेली जुनी कविता लोकांपुढें यावी म्हणून भाव्यांनीं १९०३ सालीं ‘महाराष्ट्र कवि’ हें मासिक काढलें. ह्याखेरीज नेपोलियनचें चरित्रही त्यांनीं मराठींत लिहिलें.

त्यांची खरी कीर्ति मात्र ‘महाराष्ट्र सारस्वत’ ह्या ग्रंथावर उभी आहे. जुन्या मराठी कवींचा व ग्रंथकारांचा हा विस्तृत इतिहास प्रथम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विष्णु गोविंद विजापूरकर ह्यांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकांतून प्रसिद्ध झाला. दुसरा कोणी असता, तर तेवढ्यावर संतुष्ट राहिला असता. परंतु महानुभाव पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहून मठांत जपलेले होते, आणि पंथाबाहेरच्यांस ते वाचतां येत नसत. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांच्याप्रमाणें भाव्यांनींही त्या लिपीचा उलगडा करण्याकडे लक्ष दिलें. तेराव्या शतकापासूनचें केवढें तरी मराठी भांडार तेथें दडलें होतें! तें दिसतांच भाव्यांनीं आपला ग्रंथ पुन्हां हातीं घेतला व वाढविला. ही दुसरी आवृत्ति १९१९ सालीं निघाली. पुढें त्या ग्रंथास डॉ. शं. गो. तुळपुळे ह्यांनीं पुरवणी जोडली.

विद्यार्थिमित्रहो, पुस्तकाचें परीक्षण म्हणजे काय, हें येथें पाहावें. पुस्तक आवडलें किंवा नावडलें, एवढें सांगून परीक्षण होत नाहीं. कां आवडलें तें त्या पुस्तकांतील आधार देऊन सांगावें लागतें. एका पुस्तकाची दुसऱ्याशीं तुलना करावी लागते. आणि नवें कांहीं हातीं आलें, तर पहिलें मत बदलण्याची तयारी ठेवावी लागते. भाव्यांनीं वीस वर्षांनंतर आपला ग्रंथ नव्यानें मांडला, ह्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. वाचनस्पर्धेंत कोणी किती पुस्तकें संपविलीं ह्याची मोजणी होते, ती अवश्य व्हावी. परंतु शंभर पुस्तकें चाळणाऱ्यापेक्षां दहा पुस्तकें पारखून वाचणारा मुलगा किंवा मुलगी आम्हांस अधिक योग्यतेची वाटते. पालकांसही आमची विनंति आहे कीं, बक्षीस मिळालें काय, एवढेंच न विचारतां, त्या पुस्तकांत काय होतें व तें तुला कसें वाटलें, हेंही मुलांस विचारावें.

भावे १२ सप्टेंबर १९२६ रोजीं निवर्तले. वय अवघें चोपन्न वर्षांचें. त्यांनीं स्थापिलेल्या ग्रंथसंग्रहालयास २०१८ सालीं सवाशें वर्षें पूर्ण झालीं, आणि तें आजही ठाण्यांत चालूं आहे. वागळे इस्टेटींतून तेथें जाण्यास फार वेळ लागत नाहीं. स्पर्धा संपली, बक्षिसें वांटलीं गेलीं, तरी त्या कपाटांतील पुस्तकें वाचकाची वाट पाहत असतात. त्यांपैकीं एखादें आमच्या विद्यार्थ्यांनीं, कोणी सांगितलें नसतांना, आपण होऊन हातीं घ्यावें, म्हणजे ह्या स्पर्धांचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.