नखांचा रंगपारखी

तुळशीबागेत किंवा दादरच्या एखाद्या दुकानात नेलपॉलिश घ्यायला गेलेली स्त्री काय करते, हे आपल्या सर्वांच्या पाहण्यातले आहे. बाटलीत दिसणाऱ्या रंगावर तिचा विश्वास नसतो. अंगठ्याच्या नखावर डाळिंबी, तर्जनीवर गुलाबी, करंगळीवर विटकरी असे एकेक रंग लावून ती हात लांब धरते, दारापर्यंत जाऊन उजेडात निरखते आणि मान हलवून आणखी एक बाटली उघडायला लावते. दुकानदार कंटाळतो, सोबतचा पुरुष घड्याळ पाहतो. हा रंगांचा पसारा ज्याने प्रथम एवढ्या हौसेने मांडला, तो माणूसही नेमके हेच करीत असे. नखांवर रंग लावलेला पुरुष म्हणजे टिंगलीचा विषय, अशा १९३०च्या दशकात न्यूयॉर्कमधला हा तरुण आपल्या मालाचे रंग स्वतःच्याच नखांवर लावून पारखत असे. त्याचे नाव चार्ल्स रेव्हसन. त्याने उभारलेल्या 'रेव्हलॉन' कंपनीचे नाव घराघरांत पोहोचले. त्याचे स्वतःचे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

११ ऑक्टोबर १९०६ हा चार्ल्सचा जन्मदिवस. पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबातला हा मुलगा न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर या गिरणगावात वाढला. वडील तेथील सिगारच्या कारखान्यात तंबाखूची पाने वळत. थोरला जोसेफ, मधला चार्ल्स आणि धाकटा मार्टिन असे तीन भाऊ. घरात पैसा नव्हता आणि उच्चशिक्षणाची शक्यताही नव्हती. १९२३ मध्ये शाळा संपताच चार्ल्सने न्यूयॉर्क गाठले आणि एका नातेवाइकाच्या ओळखीने 'पिकविक' या तयार कपड्यांच्या कंपनीत नोकरी धरली. आधी झगे विकण्याचे काम, मग कापडाच्या खरेदीचे. या खरेदीनेच त्याला घडवले. दिवसभर थानांच्या ढिगाऱ्यात वावरताना एका काळ्यातले अनेक काळे त्याला दिसू लागले. आपल्याकडचे जुने साडीवाले निव्वळ नजरेने दोन मोरपंखींतला फरक सांगतात; तशी नजर या पोराला विशीतच लाभली. पुढच्या आयुष्यातले त्याचे सारे भांडवल हेच होते.

मधला काही काळ शिकागोत भटकण्यात गेला. परतल्यावर, मंदीने अमेरिका गारठलेली असताना, त्याने आणि जोसेफने नेवार्कच्या 'एल्का' नावाच्या छोट्या कंपनीचे नेलपॉलिश ब्युटी पार्लरमधून विकायला घेतले. येथे थोडे थांबून त्या काळचे नेलपॉलिश कसे होते, ते पाहायला हवे. नायट्रोसेल्युलोज नावाचा पदार्थ द्रावकात विरघळवायचा. नखावर लावला की द्रावक उडून जातो आणि मागे पातळ, चकचकीत पापुद्रा उरतो. मोटारींना दिल्या जाणाऱ्या लॅकर रंगाचा हा जवळचा नातलग. त्या काळी बाजारात सर्रास मिळणाऱ्या नेलपॉलिशमध्ये विरघळणारे रंजक घातलेले असे. त्यामुळे ते पारदर्शक राही, खालचे नख दिसत राही आणि छटा तरी किती, तर फिकट, मध्यम व गडद तांबडी. 'एल्का'च्या मालात न विरघळणारे रंगद्रव्याचे बारीक कण होते. ते नखाला पूर्ण झाकत आणि दुधावरच्या सायीसारखा दाट थर देत. बहुतेकांनी हा फरक तांत्रिक म्हणून सोडून दिला असता. चार्ल्सला त्यात कापडाचे दुकान दिसले! नख झाकले जात असेल, तर त्यावर हवा तो रंग चढवता येईल. आणि हवा तो रंग चढवता येत असेल, तर झग्याप्रमाणे तोही बदलता येईल.

त्याने साऱ्या देशाची एजन्सी मागितली. ती नाकारली गेली, तेव्हा त्याने नोकरी सोडली. १ मार्च १९३२ रोजी दोघे भाऊ आणि चार्ल्स लॅकमन नावाचा रसायनांचा पुरवठादार यांनी ३०० डॉलरच्या भांडवलावर नवी कंपनी काढली. रेव्हसन या नावातला 'स' काढून लॅकमनचा 'ल' घातला आणि 'रेव्हलॉन' तयार झाले. पुढे कारभारात लॅकमनचा हात फारसा उरला नाही. पण समभाग उरले आणि त्यांनी त्याला गडगंज केले. एका अक्षराची एवढी किंमत क्वचितच कोणाला मिळाली असेल.

पहिल्या वर्षाची विक्री जेमतेम ४ हजार डॉलरच्या आसपास होती. चार्ल्स स्वतः पिशवी घेऊन पार्लर पालथी घालत असे. नवा माल आला की आधी तो आपल्या नखांवर लावायचा. वाळायला किती वेळ लागतो, टवके कधी उडतात, दिव्याखाली रंग कसा दिसतो आणि उन्हात कसा, हे पाहायचे. मनासारखे नसेल, तर सारा माल परत. मंदीत नवा झगा परवडत नव्हता. पार्लरमध्ये केस करून घेताना नखे रंगवून घेणे मात्र मध्यमवर्गीय स्त्रीला जमण्यासारखे होते. थोड्या पैशांत थोडा थाट, ही त्या दिवसांतली मोठीच गरज होती. १९३७ मध्ये माल मोठ्या दुकानांत व औषधांच्या दुकानांत गेला आणि मग मागे वळून पाहावे लागले नाही.

त्याची खरी करामत वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, नवा रंग बाजारात आणण्याच्या प्रथेत होती. जुनी बाटली अर्धी भरलेली असतानाच ती जुनी वाटू लागे. यातला धूर्तपणा उघड आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्या बरोबरच त्याने रंगांना नावे दिली, हेही खरे. फिकट-मध्यम-गडदच्या जागी अशी नावे आली आणि १९४५ मध्ये 'फेटल ॲपल' आला. सफरचंद म्हटले की इव्ह आठवणाऱ्या समाजात नखांना त्याच फळाचे नाव! १९४० च्या सुमारास त्याने लिपस्टिक आणली आणि ओठ व नखे एकाच रंगाची हवीत, हा आग्रह अमेरिकी स्त्रियांच्या गळी उतरवला. महायुद्धात कंपनीने लष्करासाठी प्रथमोपचाराच्या पेट्यांसारखा माल पुरवला आणि १९४४ मध्ये सरकारी गौरवही मिळवला.

१९५२ सालची 'फायर अँड आइस' ही जाहिरात म्हणजे या सगळ्याचा कळस. रिचर्ड ॲव्हेडनने टिपलेले छायाचित्र, चंदेरी टिकल्यांचा झगा आणि तांबडा अंगरखा घातलेली डोरियन ली ही मॉडेल आणि शेजारच्या पानावर स्त्रियांना विचारलेले १५ खोडकर प्रश्न. तुम्ही या रंगाच्या जोगत्या आहात का, याची जणू परीक्षाच! प्रश्न लिहिणारी के डेली ही जाहिरातक्षेत्रातली स्त्री होती, हे सांगायला हवे. घरसंसारात रमलेली, नाकासमोर चालणारी स्त्री हा त्या दशकाचा आदर्श होता. तिला तिच्या आतल्या खट्याळ, बेधडक बाजूविषयी कोणी विचारतच नव्हते. ते एका रंगाच्या जाहिरातीने विचारले. योगायोग असा, की त्याच १९५२ साली आपल्या मुंबईत टाटांच्या तेल कंपनीने 'लॅक्मे'चा श्रीगणेशा केला.

यशाबरोबर रेव्हसनच्या स्वभावाची दुसरी बाजूही मोठी होत गेली. नखावरचा रंग दुसऱ्याच्या भरवशावर न सोडणारा हा माणूस काहीच कोणाच्या भरवशावर सोडेना. बैठका रात्री उशिरापर्यंत चालत, अधिकारी येत आणि जात. कर्मचाऱ्यांचे दूरध्वनी कंपनी ऐकते, ही गोष्ट १९५५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या एका चौकशीत उघड झाली. प्रशिक्षणासाठी ते करतो, असा कंपनीचा खुलासा होता.

त्याच वर्षी ७ जूनला दूरचित्रवाणीवर 'द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन' ही प्रश्नमंजूषा सुरू झाली. प्रायोजक होते रेव्हलॉन. २००० साली 'कौन बनेगा करोडपती'ने आपले रस्ते ओस पाडले होते, ते आठवले म्हणजे त्या कार्यक्रमाची कल्पना येईल. दुसऱ्या दिवशी दुकानांतून लिपस्टिक संपून जात. १९५४ मध्ये ३ कोटी ३६ लाख डॉलर असलेली विक्री १९५६ मध्ये ८ कोटी ५७ लाखांवर गेली. न पुसली जाणारी लिपस्टिक शोधणाऱ्या हेझल बिशप या रसायनतज्ज्ञ स्त्रीच्या नावाची प्रतिस्पर्धी कंपनी त्या तडाख्यातून पुन्हा सावरली नाही.

परंतु दर आठवड्याला प्रायोजक आणि निर्माते यांची बैठक होई आणि तेथे कोणता स्पर्धक टिकावा, कोणता जावा, यावर रेव्हसनबंधू मत देत. ज्यॉइस ब्रदर्स ही मानसशास्त्रज्ञ मुष्टियुद्ध या विषयावर खेळायला बसली. ती प्रायोजकांना पसंत नव्हती. तिला बाद करण्यासाठी खेळाडूंऐवजी पंचांवर प्रश्न काढण्यात आले. बाईंचा अभ्यास इतका पक्का होता, की तीही उत्तरे देऊन त्यांनी ६४ हजार डॉलर नेले! १९५८ पर्यंत साऱ्याच प्रश्नमंजूषांचे बिंग फुटू लागले आणि १९५९ च्या नोव्हेंबरात अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे चार्ल्स व मार्टिन यांना साक्ष द्यावी लागली. स्पर्धकांना उत्तरे पुरवली जात हे आपल्याला ठाऊक नव्हते, अशी त्यांची भूमिका होती. प्रायोजकांची इच्छा आपण ओळखून वागत होतो, असे निर्मात्यांकडून सांगण्यात आले. कंपनीच्या विक्रीला याचा धक्का बसला नाही. ग्राहकांनी रंग आणि लबाडी यांचे हिशेब वेगवेगळे ठेवले असावेत.

धक्का बसला तो घरात. कंपनीचे समभाग बाजारात आणण्याच्या वादातून जोसेफ १९५५ मध्येच आपला वाटा विकून बाहेर पडला होता. तो वाटा राखला असता, तर त्याचे मोल काही वर्षांतच अनेक पटींनी वाढले असते. १९५८ मध्ये विक्रीची धुरा वाहणारा मार्टिनही गेला. प्रकरण न्यायालयात पोहोचले आणि भावाभावांत कित्येक वर्षे बोलणे राहिले नाही. मार्टिनचा मुलगा पीटर फॉर्म्युला वन शर्यतींचा नामवंत चालक झाला आणि १९७४ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत सराव करताना मरण पावला. चार्ल्सचे तीन विवाह झाले आणि तिन्ही मोडले. तिसऱ्या घटस्फोटाचे वर्षही १९७४ च.

नखे आणि ओठ जिंकल्यावर त्याला चेहरा हवा होता. त्वचेचे लाड पुरवणाऱ्या क्रीम-लोशनांच्या राज्यात तेव्हा दोन सम्राज्ञी होत्या, हेलेना रुबिन्स्टाइन आणि एलिझाबेथ आर्डेन. दोघी एकमेकींना पाण्यात पाहत. मात्र या नखवाल्याला तुच्छ लेखण्यात त्यांचे एकमत होते. आर्डेनबाई त्याचा उल्लेख नावाने न करता 'तो माणूस' असा करीत. त्याने पुरुषांसाठीच्या सुगंधी द्रव्याला नेमके तेच नाव देऊन टाकले. 'मून ड्रॉप्स', १९६२ चे 'एटर्ना २७' क्रीम आणि 'अल्टिमा टू' ही महागडी मालिका घेऊन तो त्यांच्या प्रांतात शिरला. तारुण्य टिकवण्याच्या या क्रीमांच्या दाव्यांकडे आज आपण अधिक सावधपणे पाहतो. पण रात्री झोपण्यापूर्वी आरशासमोर स्वतःसाठी काढलेली पाच मिनिटे हीसुद्धा विकण्याजोगी वस्तू आहे, हे त्याने नेमके हेरले होते. १९६५ मध्ये रुबिन्स्टाइनचे निधन झाले. पार्क ॲव्हेन्यूवरचे तिचे तीन मजली, २६ खोल्यांचे निवासस्थान त्यानंतर विकत घेतले, ते रेव्हसनने.

१९७३ मध्ये त्याने 'चार्ली' हे अत्तर आणले. जाहिरातीतली तरुणी पँट घालून, लांब ढांगा टाकत एकटीच चाललेली होती; कोणा पुरुषासाठी ती नटलेली नव्हती. स्वतःच्या संसारात ज्याला स्त्रियांशी जमवून घेता आले नाही, त्याला बदललेली स्त्री मात्र इतरांच्या आधी दिसली. 'चार्ली'ने विक्रीचे उच्चांक मोडले.

तोवर कर्करोगाने त्याला गाठले होते. १९७४ मध्ये त्याने मिशेल बर्जेरॅक या फ्रेंच व्यवस्थापकाला १५ लाख डॉलर नुसते सही करण्याबद्दल देऊन उत्तराधिकारी म्हणून आणले. या माणसाचा अनुभव दूरसंचार आणि यंत्रसामग्रीच्या धंद्यातला होता. २४ ऑगस्ट १९७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये रेव्हसनचे निधन झाले. १९५६ मध्ये स्थापन केलेल्या धर्मादाय प्रतिष्ठानाला त्याच्या संपत्तीतला मोठा भाग मिळाला.

बर्जेरॅकने औषधे, चष्म्याची भिंगे, तपासण्यांच्या प्रयोगशाळा असे उद्योग एकामागून एक विकत घेतले आणि रंगांची कंपनी पाहता पाहता आरोग्याच्या धंद्याची झाली. १९८५ मध्ये रोनाल्ड पेरेलमन याने मोठ्या झटापटीनंतर रेव्हलॉन ताब्यात घेतली. १९९५ मध्ये कंपनी मोदी समूहाच्या भागीदारीत भारतात आली. २०२२ मध्ये कर्जापायी तिने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर पडली. पेरेलमनने १९८५ नंतर काय केले असेल, तर औषधे आणि भिंगे असे उद्योग विकायला काढले. रंग मात्र ठेवले.