द्राक्षवेलीविरुद्ध फर्मान काढणारा ड्यूक

पांढुर्णा-सौंसरच्या संत्रा बागायतदाराला एक प्रश्न नवा नाही : अधिक उत्पादन देणारे झाड लावावे, की कमी पण सरस फळ देणारे? सव्वासहाशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात हाच प्रश्न थेट राजाज्ञेपर्यंत गेला. ती आज्ञा काढणारा होता ड्यूक फिलिप, इतिहासातील ‘धाडसी फिलिप’.

फिलिपचा जन्म १३४२ चा. फ्रान्सचा राजा दुसरा जाँ याचा तो धाकटा पुत्र. १३५६ मध्ये प्वातिएच्या रणात इंग्रजांपुढे फ्रेंच सैन्याची वाताहत झाली, तेव्हा अवघ्या चौदा वर्षांचा फिलिप पित्याच्या पाठीशी अखेरपर्यंत उभा राहिला आणि त्याच्यासमवेत कैद झाला. ‘धाडसी’ हे बिरुद त्याला तेथेच लाभले. १३६३ मध्ये पित्याने त्याला बर्गंडीची जहागीर दिली. १३६९ मध्ये फ्लँडर्सच्या मार्गारेटशी त्याचा विवाह झाला आणि १३८४ मध्ये सासऱ्याच्या निधनानंतर तो संपन्न प्रदेशही त्याच्या सत्तेखाली आला.

बर्गंडीच्या थंड हवेत, चुनखडीच्या उतारांवर पिनो न्वार ही काळी द्राक्षे पिकत. या वेलीचे डोळे लवकर फुटतात, त्यामुळे वसंतातील दहिवर त्यांना जाळते. साल पातळ आणि घड दाट असल्याने फळ सहज कुजते. उत्पादनही बेताचेच. तथापि तिच्या मद्याचा सुगंध आणि नाजूकपणा यांमुळे बर्गंडीचे नाव दूरवर पोचले होते. प्लेगच्या महामारीने मजुरांची टंचाई झाली, तेव्हा अनेक शेतकरी गामे या वाणाकडे वळले. ती लवकर पिके, भरघोस येई आणि श्रमही कमी लागत. तिचे मद्य मात्र ड्यूकला रुचले नाही.

३१ जुलै १३९५ रोजी त्याने फर्मान काढले : गामेच्या वेली ठरावीक मुदतीत उपटून टाकाव्यात आणि द्राक्षमळ्यांत शेणखत घालू नये. खताने उत्पादन वाढते, पण मद्याची चव बिघडते, अशी त्याची धारणा होती. दिजाँच्या नगरसभेने विरोध केला. प्रांताच्या लौकिकाची चिंता ड्यूकला होती. पोटापाण्याची चिंता मात्र शेतकऱ्याला वाहावी लागली. गामे पुरती नाहीशी झाली नाही. दक्षिणेकडील बोजोलेच्या ग्रॅनाइटी मातीत तिला स्वतःचे घर मिळाले.

२७ एप्रिल १४०४ रोजी ब्रुसेल्सजवळील हाले येथे फिलिप निवर्तला. त्याने दिजाँजवळ उभारलेल्या शांमोलच्या मठात त्याचे दफन झाले. शिल्पकार क्लाउस स्लूटरच्या हातची त्याची समाधी आज दिजाँच्या कलासंग्रहालयात आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकीय तपासणीने एक गोष्ट उघड केली : गामे ही पिनोचीच संतती आहे. ड्यूकने पिनोच्या रक्षणासाठी तिच्याच लेकराला हद्दपार केले होते. वाणाचा कस मातीनुसार ठरतो, हा धडा संत्र्याच्या मुलखालाही परका नाही.