चार रुपये पगारावर मैदान राखणारे बाळू पळवणकर. खेळपट्टी सांभाळता सांभाळता झाले देशातले पहिले मोठे गोलंदाज

धर्माबाद : उन्हाळा लागला, पिकं निघाली की तालुक्यातल्या गावोगावी मोकळ्या रानात टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. पाणी मारून, रोलर फिरवून पट्टी तयार करणारी पोरं मात्र बक्षिसाच्या फोटोत क्वचितच दिसतात. सव्वाशे वर्षांपूर्वी असंच काम करणारा एक पोरगा पुढं देशाचा नावाजलेला गोलंदाज झाला. त्यांचं नाव बाळू पळवणकर.

बाळूंचा जन्म 1870 च्या दशकात धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे बालपण पुण्यात गेलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि धाकटे भाऊ शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी पारशी मंडळींच्या क्लबात मिळाली. मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, मधूनमधून गोलंदाजी करायची. पगार महिन्याला 3 रुपये. 1892 च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात लागले. तिथं पगार 4 रुपये झाला. रोलर, चुन्याच्या रेघा, सरावाची जाळी, टेनिसचं मैदान आखणं ही सगळी कामं त्यांच्याकडं आली.

हे काम वरून दिसतं तेवढं सोपं नाही. आपण शेतात ज्या हराळीला वैतागतो, तिच्याच जातीचं गवत क्रिकेटच्या आणि गोल्फच्या मैदानावर मुद्दाम जपलं जातं. गणपतीला वाहतो ती दूर्वाही तीच. उन्हाळ्यात रोज थोडं थोडं पाणी शिंपडलं तर मुळ्या वरच राहतात आणि उन्हानं गवत होरपळतं. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड, पहाटे, खोलवर मुरेल असं पाणी दिलं तर मुळ्या खाली जातात. कडक उन्हात गवत फार बारीकही कापायचं नसतं, कारण पातीची सावलीच जमिनीची ओल धरते. चिकणमातीची पट्टी वाळली की आपल्या काळ्या रानासारखी भेगाळते. म्हणून रोलर फिरवायची वेळ साधावी लागते. माती फार ओली असेल तर ती रोलरला चिकटते, अन् पार वाळली असेल तर दबतच नाही. चेंडू कुठं उसळेल आणि कुठं वळेल, हे पट्टी राखणाऱ्याच्या हाताला आधी कळतं.

क्लबातल्या गोऱ्यांना सरावासाठी बाळू तासन्तास डाव्या हातानं संथ गोलंदाजी करायचे. कॅप्टन ग्रिग हा त्या काळचा मोठा फलंदाज. आपल्याला बाद केलं की तो बाळूंना 8 आणे द्यायचा, असं सांगतात. गोलंदाजी भरपूर मिळाली, पण फलंदाजी करायला कुणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूंना घ्यायचं की नाही यावर वाद झाला. शेवटी घेतलं. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावायचे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवायलाही वेगळं बसवायचे. साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्यानं बाळूंची फिरकी चालू नये म्हणून आठवडाभर पट्टीवर रोलर फिरवला होता. पण रोलरवरच हात घडलेल्या माणसाला रोलर कसा अडवणार? बाळूंनी 7 गडी बाद केले.

पुण्यात प्लेग आल्यावर ते मुंबईला गेले आणि तिथं हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू संघानं युरोपियन संघाला 109 धावांनी हरवलं. त्या सामन्यात बाळूंनी 8 बळी घेतले. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तिथं त्या वर्षीचा उन्हाळा नेहमीपेक्षा कडक आणि कोरडा होता. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात 114 बळी मिळवले. परतल्यावर मुंबईत दलित समाजानं त्यांचा सत्कार केला. त्यातलं मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिलं होतं.

एवढं करूनही कर्णधारपद काही मिळालं नाही. 1920 मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल यांना कर्णधारपदासाठी डावललं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. गाजावाजा झाल्यावर दोघांना परत घेतलं आणि बाळूंना उपकर्णधार केलं. 1923 मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. विजयानंतर सवर्ण तरुणांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतलं. थोरल्या भावानं मातीच्या भांड्यात चहा प्यायला, त्याला तेव्हा जेमतेम पंचवीस-तीस वर्षं झाली होती.

पुढं बाळू राजकारणात आले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभं केलं. बाळू थोडक्यात हरले. एकेकाळी ज्यांनी त्यांचं मानपत्र लिहिलं, त्यांच्याशीच लढायची वेळ आली, याची खंत समाजातल्या अनेकांना वाटली.

जुलै 1955 मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत त्यांच्या नावावर 179 बळी आहेत. भारताला कसोटी दर्जा मिळाला 1932 मध्ये, त्यामुळे कसोटी खेळायची संधी त्यांना मिळालीच नाही. पण या खेळात आपल्या मातीतला पहिला मोठा गोलंदाज कोण, असं विचारलं तर जाणकार आजही मैदान राखणाऱ्या त्या पोराचंच नाव घेतात.