मार्टिन लूथर व मंदिरांतील मूर्ति

ख्रिस्ती मंदिरांत मूर्ति व चित्रें असावीं कीं नसावीं, हा प्रश्न आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत वारंवार निघतो. सुमारें पांचशें वर्षांपूर्वीं याच प्रश्नावरून जर्मनींतील एका शहरीं मोठी दंगल उसळली होती. ती ज्यानें शमविली, त्या मार्टिन लूथरचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

लूथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजीं आइस्लेबेन येथें झाला. त्याचा बाप तांब्याच्या खाणींच्या धंद्यांत होता. त्या काळीं संतांच्या मूर्तींपुढें दिवे लावणें व त्यांस नवस करणें हाच लोकांचा धर्म होऊन बसला होता. १५०५ सालीं वाटेनें जात असतां लूथरच्या जवळच वीज पडली, तेव्हां खाणकामगारांची कैवारी जी संत आन्ना तिचाच त्यानें धांवा केला आणि संन्यासी होण्याचा नवस बोलला. पुढें विटेनबर्ग येथें तो शास्त्राचा अध्यापक झाला. तेथील राजवाड्याच्या मंदिरांत संतांच्या अस्थि वगैरे एकोणीस हजारांहून अधिक अवशेष जमविले होते, व त्यांच्या दर्शनानें पापाच्या शिक्षेंत सूट मिळते असें लोकांस शिकविण्यांत येई. परंतु शास्त्राचा अभ्यास करितां करितां लूथरला कळून आलें कीं, मनुष्य केवळ ख्रिस्तावरील विश्वासानें नीतिमान ठरतो. ३१ आक्टोबर १५१७ रोजीं त्यानें क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध पंचाण्णव मुद्दे पुढें मांडले. १५२१ सालीं वर्म्स येथील राजसभेंत त्यानें माघार घेतली नाहीं. तेव्हां सॅक्सनीचा अधिपति फ्रेडरिक यानें त्यास वार्टबर्ग किल्ल्यांत लपवून ठेविलें.

तेथें तो नव्या कराराचें जर्मन भाषांतर करीत असतां, इकडे विटेनबर्गांत त्याचा सहकारी कार्लस्टाट यानें मूर्ति काढून टाकाव्या असें पुस्तक लिहिलें. जानेवारी १५२२ मध्यें नगरसभेनेंही तसा ठराव केला. परंतु कांहीं लोकांस तेवढाही धीर निघाला नाहीं. त्यांनीं मंदिरांत शिरून मूर्ति फोडल्या व चित्रें नासलीं. ज्यांची श्रद्धा अजून जुन्या चालीवर होती, त्यांचीं मनें दुखावलीं.

लूथरला धरण्याचा बादशाही हुकूम सुटला होता, तरी तो ६ मार्च रोजीं परत आला, आणि ९ मार्चपासून आठ दिवस रोज त्यानें उपदेश केला. मूर्तींची पूजा करणें हें पाप आहे, व जेथें ती होते तेथें मूर्ति नसलेल्या बऱ्या, हें त्यानें स्पष्ट सांगितलें. मूर्ति अर्पून पुण्य जोडूं पाहणाऱ्यांनीं तोच पैसा गरिबांस द्यावा, असेंही त्यानें शिकविलें. परंतु हातानें फोडलेली मूर्ति मनांतून जात नाहीं, हें त्याचें मुख्य सांगणें होतें. पुष्कळ लोक सूर्यचंद्रांस भजतात, म्हणून कोणी ते आकाशांतून उपटून काढीत नाहीं. पौलानें अथेनैत मूर्ति पाहिल्या, पण एकीलाही लाथ मारिली नाहीं; त्यानें वचन सांगितलें. वचनानें अंतःकरण मोकळें झालें म्हणजे मूर्ति आपोआप निरुपयोगी होते. आठवडा संपला तों शहर शांत झालें.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्याचा नवा करार छापून निघाला. त्यांत लूकस क्रानाखच्या चित्रशाळेंतील चित्रें होतीं. १५३४ सालच्या संपूर्ण पवित्र शास्त्रांतही चित्रें होतीं. कारण शिकण्यासाठीं व आठवणीसाठीं चित्र पाहणें निराळें आणि त्यापुढें गुडघे टेकणें निराळें, असा भेद त्यानें केला. झुरिच येथील झ्विंगली व जिनीव्हा येथील कॅल्विन यांनीं मात्र मंदिरांत चित्रेंही नकोत असें ठरविलें. लूथर १८ फेब्रुवारी १५४६ रोजीं आइस्लेबेन येथेंच प्रभूच्या ठायीं निजला.

प्रिय वाचकहो, आपण दोन गोष्टी ध्यानांत ठेवूं या. नव्या विश्वासणाऱ्याच्या घरांतील टाक उपदेशकानें घाईनें उचलूं नयेत. आधीं वचन शिकवावें, म्हणजे तो स्वतःच ते खालीं ठेवील. आणि ज्याच्या भिंतीवर प्रभूचें चित्र आहे, त्यानें त्यास हार घालतां घालतां व उदबत्ती ओवाळतां ओवाळतां आपण नवा देव्हारा तर मांडला नाहीं ना, हें आपल्या मनास विचारावें.